रेवस-अलिबाग पट्ट्यातली गावं, इस्रायलमधली आडनावं : ‘गावी’ येणारे हे पाहुणे कोण आणि ते काय शोधतात?

अलिबाग : थंडी पडायला लागली की रेवस-मांडव्याकडून अलिबागकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये एक वेगळा पाहुणा दिसू लागतो. पासपोर्ट इस्रायलचा, पण मिनीडोअरवाल्याशी बोलणं मराठीत, आणि तेही आपल्या आजी-आजोबांच्या वेळचं मराठी. बीच कुठे आहे, हे तो आधी विचारत नाही. गावाच्या पाटीपाशी उतरतो, पाटीसोबत फोटो काढतो आणि समोर दिसेल त्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो, “इथे पूर्वी तेल्यांची घरं कुठे होती हो?”

बऱ्याच जणांना वाटतं, परदेशी पर्यटक आहे, भाषा शिकून आलाय. तसं नाही. हा माणूस पर्यटनाला आलेला नसतो. त्याच्या घरच्या भाषेत तो ‘गावी’ आलेला असतो. परत गेला की त्याच्या घरचे विचारणार असतात, “आपलं गाव पाहिलंस का? घर सापडलं का? काय आणलंस?” या तीन प्रश्नांची उत्तरं त्याला मिळणार की नाही, हे पुष्कळदा इथल्या गावकऱ्यांवर, ग्रामपंचायतीवर आणि शाळेतल्या जुन्या रजिस्टरवर अवलंबून असतं. म्हणून हे लोक कोण, ते काय शोधतात आणि आपण नेमकं काय करू शकतो, हे समजून घ्यायला हवं.

आडनाव हाच पत्ता

हे लोक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची आडनावं ऐकली की अर्धी गोष्ट तिथेच कळते. किहीमकर, नवगावकर, आवासकर, झिराडकर, नागावकर, चेऊलकर, अष्टमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर. रेवसहून अलिबागकडे निघालं की रस्त्याच्या या-त्या अंगाला झिराड, आवास, किहीम, नवगाव ही गावं लागतात. अलिबागच्या पुढे नागाव, चौल. आपल्याला या एसटीच्या थांब्यांच्या पाट्या वाटतात, त्यांना ती नातेवाइकांची यादी वाटते.

यातली काही आडनावं सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेल्या माणसांची आहेत. हिंदी सिनेमातले डेव्हिड, ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा, यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर. त्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ पुस्तकरूपात आला तो १९३७ साली, आणि छापला गेला तेल अवीवमध्ये. किहीमचं नाव लावणाऱ्या माणसाचं पुस्तक इतक्या लांब छापलं गेलं, हे किहीममध्ये किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

नवगावचा किनारा आणि शनिवार तेली

या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी : फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती नवगावातच पुरली. पुरुष एका ठिकाणी, बायका दुसऱ्या ठिकाणी. ही घटना कधीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं म्हणतं, कोणी त्याहून बरंच अलीकडचं मानतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश असल्याचं दिसून आलं. म्हणजे गोष्टीच्या मुळाशी काहीतरी तथ्य आहे, एवढं नक्की.

वाचलेल्या माणसांची पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली होती. लक्षात राहिलं तेवढं त्यांनी धरून ठेवलं : मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नेम, ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द आणि शनिवारची सुट्टी. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाला एवढा फरक पुरेसा होता, आणि त्यावरून कधी भांडणं झाल्याचं कोणी सांगत नाही. ही गोष्ट इस्रायलमधले बेने इस्रायल आजही आवर्जून सांगतात. जगात जिथे-जिथे ज्यू राहिले तिथे त्यांचा कधी ना कधी छळ झाला, पण इथल्या शेजाऱ्यांनी आम्हाला कधी त्रास दिला नाही, असं ते म्हणतात.

त्यांच्या सणांची नावं ऐकली तर कोणालाही वाटेल की शेजारच्याच घरातलं बोलणं चाललंय. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. शेवटच्यात बिरडं म्हणजे आपलं वालाचंच. आता इस्रायलमध्ये या सणांना हिब्रू नावं आली आहेत, पण जुन्या बायकांच्या तोंडी मराठी नावं अजून आहेत.

पुढे हे लोक आंग्र्यांच्या आरमारात, नंतर कंपनी सरकारच्या पलटणीत गेले, मुंबईला स्थिरावले. १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधलं गेलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. त्यानंतर गावाकडेही सिनेगॉग उभी राहिली : रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९. अलिबागचं ‘मागेन आबोथ’ इस्रायल आळीत आहे. आळीचं नाव अलिबागकरांच्या तोंडात इतकं बसलंय की ते का पडलं, हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

गेले, आणि काही जण परतही आले

१९४८ साली इस्रायल देश झाला आणि हळूहळू घरंच्या घरं तिकडे निघाली. इथे कोणी हाकललं म्हणून नाही. धर्माची ओढ, आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रं, नोकरीची आशा, अशी कारणं होती. तिकडे गेल्यावर बहुतेकांना सरकारने वसवलं ते वाळवंटाच्या कडेच्या नव्या गावांत : बीरशेबा, दिमोना, किर्यात गात. काही रामला, लोद, अश्दोद या शहरांत स्थिरावले. समुद्र आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून उठलेला माणूस वाळूत जाऊन पडला.

या गोष्टीचा एक भाग आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. सुरुवातीला गेलेल्यांपैकी अनेकांचा तिकडे भ्रमनिरास झाला. मनासारखं काम मिळेना, भाषा येईना, आणि रंगावरून दुजाभाव होतो अशी त्यांची तक्रार होती. १९५१ साली त्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये, लोकांना आणून वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सी या संस्थेच्या कचेरीत ठिय्या मांडला. मागणी एकच : आम्हाला परत भारतात पोचवा. ते हटले नाहीत. अखेर १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने मुंबईला परत पाठवण्यात आलं.

परतीचं खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. घर सोडताना भांडीकुंडी विकलेली, नोकरी सोडलेली, खोली दुसऱ्याला दिलेली. ज्या गावाची आठवण काढून तिकडे ठिय्या मांडला, त्या गावात आता आपली जागा राहिलेली नाही, हे त्यांना इथे आल्यावर कळलं. त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची खटपट केली आणि गेलेही. ‘मायदेशी परत’ हे शब्द आपण सहज वापरतो. या लोकांना ते दोन वर्षांत दोन उलट्या दिशांनी वापरावे लागले.

तिकडे त्यांचा त्रास लगेच संपला नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या मंडळाने बेने इस्रायलांच्या लग्नांवर चौकशीची अट घातली. तुम्ही पूर्ण ज्यू कशावरून, असाच तो प्रश्न होता. कोकणात शेकडो वर्षं शनिवार पाळणाऱ्यांना हा प्रश्न फार लागला. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि ती अट मागे पडली.

आज भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या इस्रायलमध्ये सुमारे ८५ हजार सांगितली जाते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बेने इस्रायलांचा आहे. भारतात आता काही हजारच उरले, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे आणि महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रमही होतात. “भारत आमची मातृभूमी, इस्रायल पितृभूमी” असं ते म्हणतात. म्हणजे ‘मायदेश’ कोणता, असं विचारलं तर त्यांचं उत्तर दोन्ही.

इतकी वर्षं का आले नाहीत?

प्रश्न रास्त आहे. गेले ते १९५०-६० मध्ये, मग आता नातवंडं का येतात?

एक कारण पैसा. पहिल्या पिढीला विमानाचं तिकीट परवडत नव्हतं. दुसरं कारण सरकारी. भारताने इस्रायलला सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली खरी, पण पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले ते थेट जानेवारी १९९२ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं मुंबईत इस्रायलची एक छोटी वकिलात तेवढी होती, आणि तेल अवीवमध्ये भारताचा दूतावासच नव्हता. त्यामुळे येणं-जाणं अवघड होतं. चुलत भावाच्या लग्नाला जाणं दूरच, बातमीसुद्धा पत्रानेच पोचायची. १९९२ नंतर दार उघडलं. तोवर गावाची वाट ठाऊक असलेली पिढी म्हातारी झाली होती.

म्हणून आज जो येतो, त्याच्या हातात बहुतेक वेळा एक आडनाव, आजोबांचं अर्धवट नाव आणि “विहिरीजवळ घर होतं” एवढंच असतं. रेवस-किहीम पट्ट्यात विहिरीजवळ घर नाही कुणाचं? इथेच गावकऱ्यांची मदत लागते.

घर सापडलं नाही तरी नाव सापडू शकतं

घरं बहुतेक पडली, विकली गेली, नवी उभी राहिली. कागद मात्र टिकतात, आणि या कागदाला आता भावनेपलीकडेही किंमत आहे.

परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार ओसीआय कार्ड देतं. ते मिळालं की आयुष्यभर व्हिसा लागत नाही. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर जो भारताचा नागरिक होता, किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र होता, त्याची मुलं, नातवंडं आणि पतवंडं यांना अर्ज करता येतो. बेने इस्रायलांची एक अडचण होती. इस्रायलमध्ये तरुण मुला-मुलींना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते, आणि परदेशी सैन्यात काम केलेल्यांना ओसीआय कार्ड मिळत नसे. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी इस्रायलला गेले तेव्हा त्यांनी तेल अवीवमधल्या सभेत जाहीर केलं की सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही हे कार्ड मिळेल. तेव्हापासून आजी-आजोबा भारतीय होते याचा पुरावा शोधण्याला वेगळंच महत्त्व आलं.

पुरावा म्हणजे काय? सगळ्यात चांगला जुना भारतीय पासपोर्ट. तो नसेल तर अधिवासाचा किंवा जन्मस्थानाचा दाखला, किंवा मूळ सिद्ध करणारा दुसरा कागद. आणि हे कागद शेवटी आपल्याच तालुक्यात येऊन थांबतात.

बघायची पहिली जागा शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांमध्ये जनरल रजिस्टर असतं, त्यात नाव, जन्मतारीख, गाव, जात-धर्म लिहिलेला असतो. दुसरी जागा तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. तिथे गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक, ज्यात पूर्वी गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी होत. कुणबी दाखल्यासाठी ज्यांनी कोतवाल बुकं चाळली आहेत त्यांना हे सांगायला नको. जुनी पानं मोडीत असतील तर वाचणारा शोधावा लागतो. शहरात जन्म असेल तर नगरपालिकेच्या नोंदी.

शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, नाहीतर समोर पान असूनही नाव हुकतं. पाहुणा सांगेल, आजोबांचं नाव सॅम्युएल. रजिस्टरमध्ये सॅम्युएल नसेल. सामाजी असेल. जुन्या पिढीने हिब्रू नावांना मराठी ‘जी’ लावला होता : अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी, डेव्हिडचा दाऊदजी, आयझॅकचा इसाजी. मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी म्हणजे इंग्रजी कागदावरचे सॅम्युएल इझिकेल. आडनावाची तीच गत. किहीमचं कधी केहीम, चौलचं चेऊल. जातीच्या रकान्यातही ‘ज्यू’ किंवा ‘यहुदी’ असंच लिहिलेलं असेल असं नाही. ‘इस्रायल’, ‘बेने इस्रायल’, नुसतं ‘तेली’ असंही असू शकतं. त्यामुळे तलाठी किंवा मुख्याध्यापक “असं नाव नाही” म्हणाले तर तिथे न थांबता दुसऱ्या रूपाने पुन्हा बघायला सांगावं.

नोंद सापडली तर प्रमाणित नक्कल रीतसर अर्ज करून, ठरलेली फी भरूनच घ्यावी. मोबाईलवर काढलेला फोटो आठवण म्हणून चांगला, पण दूतावासात तो चालत नाही.

जमीन मागायला आलेत का?

गावात पहिली कुजबुज हीच होते. अलिबाग तालुक्यात गुंठ्याचा भाव काय झालाय ते बघता ती होणारच. अनोळखी माणूस जुनं घर विचारतोय म्हटल्यावर माणसं गप्प होतात, “आम्हाला काही माहीत नाही” म्हणतात, आणि हजारो किलोमीटरवरून आलेला पाहुणा रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून कायदा काय आहे ते साफ माहीत असावं.

परदेशी नागरिक, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, भारतात शेतजमीन, फार्महाऊस किंवा बागायती मळा विकत घेऊ शकत नाही. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या भारतीयालाही कूळ कायद्यामुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वारसाने आलेल्या मालमत्तेची गोष्ट वेगळी. ती परदेशातल्या वारसालाही मिळू शकते, पण त्यासाठी मूळ मालकाचं नाव, वारस नोंद, कागदपत्रं हे सगळं लागतं. पूर्वी रीतसर विकलेली जमीन नातवाने गावाला भेट दिली म्हणून परत होत नाही. घराकडे बोट दाखवलं, फोटो काढू दिला, चहा पाजला, याने कोणाचा हक्क जात नाही की येत नाही. सातबारा तर ऑनलाइन कोणीही पाहू शकतो.

सावध राहायचं असेल तर ते एजंटापासून. आपल्याकडे जमीन आणि परदेशी माणूस हे दोन शब्द एकत्र आले की एजंट आलाच. “तुमच्या आजोबांची जमीन काढून देतो” म्हणून पाहुण्याकडून पैसे घेणारा आणि “तुमची जमीन जाणार” म्हणून गावकऱ्याला घाबरवणारा, हे दोघे पुष्कळदा एकच असतात.

घरी किंवा होमस्टेत उतरले तर

किहीम, आवास, सासवणे भागात आता घरोघरी होमस्टे आहेत. परदेशी नागरिक मुक्कामाला आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. ‘फॉर्म सी’ म्हणून ही नोंद ओळखली जाते. हॉटेललाच लागू आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे, होमस्टेलाही ती लागू आहे. “अहो, ते मराठी बोलतात, आपलेच आहेत” हे कारण पोलिसांना चालत नाही. कसं भरायचं ते माहीत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून आधीच नोंदणी करून ठेवावी, ऐनवेळी धावपळ नको.

जेवणाचं. ज्या माशाला खवले आणि पर असतात तो त्यांना चालतो. कोळंबी, खेकडे, शिंपल्या-कालवं चालत नाहीत. बोडणी-रेवसच्या कोळी बायकांना पाहुणे म्हटलं की कोळंबी आणि चिंबोऱ्याच आधी आठवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मटण-चिकनासोबत दूध, दही, तूप नको. म्हणूनच त्यांच्या कालवणात पिढ्यान् पिढ्या नारळाचं दूध आहे, आणि सणाचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातला. पाळणारं कुटुंब असेल तर मांस बाहेर खाणारच नाही; शाकाहारी रांधावं, प्रश्न मिटतो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी यावर बहुतेक खूश होतात.

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ. सगळेच कडक पाळतात असं नाही, पण जे पाळतात ते त्या वेळात गाडीत बसत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत. त्यांची गाडी, फेरी, हिशेब हे शुक्रवार दुपारच्या आत उरकून घ्यावं.

खंडाळ्याचा टापा

आलेला प्रत्येक जण एका ठिकाणी जातोच. अलिबागजवळचं खंडाळे. लोणावळ्याच्या शेजारचं नव्हे, हे ड्रायव्हरला आधीच सांगितलेलं बरं. इथे एका खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, इथे प्रकट झाला आणि इथूनच रथातून आकाशात गेला. खुणा त्याच्या घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या, अशी श्रद्धा आहे. म्हणून ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, ज्यूंच्या झाडांच्या सणाला, इथे जमणारा मेळा ‘उरूस’ म्हणून ओळखला जातो. सण ज्यूंचा, नाव उरूस, भाषा मराठी. कोकणातच हे होऊ शकतं.

नवस फेडताना ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, सुका मेवा आणि वर फळं. असा मलिदा जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूंमध्ये नाही. इस्रायलमध्ये मूल झालं, मुलगा सैन्यातून सुखरूप आला, घर झालं, की आजही बेने इस्रायलांच्या घरी मलिदा होतो. पण टाप्याला बोललेला नवस टाप्यालाच फेडायचा असं मानणारे आहेत, आणि त्यातले काही त्यासाठीच एवढा प्रवास करतात. तिकडे युद्ध पेटलं, विमानं बंद झाली, की नवस वर्ष-वर्ष थांबतो.

परत जाताना पिशवीत काय?

जुन्या काळी गावाहून मुंबईला जाणारा चाकरमानी जे नेतो तेच. जाड पोहे, आगळ, आमसुलं, घरचा मसाला, पापड. अलिबागचे कडवे वाल तर हवेतच. इस्रायलला ताजी फळं, भाज्या, रोपं, माती नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. त्यामुळे पांढऱ्या कांद्याची माळ कितीही मनात असली तरी ती देऊ नये. मसाला, पोहे असं सुकं सामानही दुकानातलं, सीलबंद आणि नाव छापलेलं असावं. फडक्यात बांधलेली पुरचुंडी प्रेमाची असते, पण ती तपासणीत अडकते.

खाण्याच्या वस्तू महिनाभरात संपतात. जास्त टिकतं ते दुसरंच. गावातल्या एखाद्या ऐंशी-नव्वदीच्या माणसाला त्यांचा घाणा कुठे होता ते आठवत असेल, शाळेत बरोबर बसणारा इस्रायलांचा मुलगा आठवत असेल, तर त्याचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहुण्याला द्यावं. आपल्याकडेही एक प्रत ठेवावी, कारण दुसऱ्या आडनावाचा पाहुणा पुढच्या थंडीत तेच विचारणार आहे. कुटुंब निघून सत्तर वर्षं होत आली. प्रत्यक्ष पाहिलेली माणसं दरवर्षी कमी होताहेत. नंबर घेऊन ठेवावा. घर आज नाही सापडलं तर नंतर कोणाला तरी आठवतं.

दफनभूमीचंही तसंच. जुन्या थडग्यांच्या दगडांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही अक्षरं दिसतात. पाहुणे तिथे फूल वाहत नाहीत, छोटा खडा ठेवतात. हे खडे कोणीतरी कचरा म्हणून झाडून टाकतो. ते तसेच राहू द्यावेत. थडग्याभोवतीचं रान तोडताना दगड हलणार नाहीत एवढं पाहावं, कारण काही घराण्यांचं गावातलं शेवटचं अक्षर तेवढंच उरलंय.

ज्यांना घर, रजिस्टर, थडगं यातलं काहीच सापडत नाही, ते बहुतेक नवगावला जातात. तिथे गलबतातल्या माणसांना पुरलं त्या जागी कोणाचंच नाव नाही, त्यामुळे शोधायचंही काही नाही. खडा ठेवतात, थोडा वेळ थांबतात आणि भाऊच्या धक्क्याकडची बोट गाठायला रेवस-मांडव्याच्या रस्त्याला लागतात.